लाल दिवा आणि पैठणीच्या बाह्या

मी तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत आणि ती मी कुणाला सांगत नाही, म्हणून माझी इज्जत आहे. मोबाइलवरून एक फोटो पाठवायचा तर मला घाम फुटतो, आणि तरी एके दिवशी मी कॉम्प्युटरवरून कटिंगचा क्लास घ्यायला लागले. ही करामत पुण्याच्या लेकीची. दोन दिवसांसाठी आली, वरच्या शिवणखोलीत कॉम्प्युटर मांडला, कापायच्या टेबलावर वरून खाली बघणारा कॅमेरा टांगला. शिकणाऱ्या बायकांना माझं तोंड दिसत नाही, नुसते हात आणि कात्री दिसते. त्या खोलीत मोबाइलला रेंज अजिबात येत नाही, म्हणून तिनं वायरचं नेट घेतलं. "वायरचं नेट पक्कं असतं गं आई," म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. लेकींचं बरं असतं. घडी बसवून द्यायची आणि निघायचं, विस्कटली की निस्तरायला आई आहेच.

क्लास मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकरा ते साडेबारा. सात जणी होत्या. त्यातली एक लासूर स्टेशनची. घरचं भुसाराचं दुकान, नवरा दुकानात, सासरे दुकानात, आणि हिनंही गल्ल्यामागं बसावं अशी सासूबाईंची इच्छा. हिला शिवायचं होतं. बोलणं इतकं कमी, की पहिले आठ दिवस मला वाटलं हिचा माइक बिघडलाय. पण हात असा स्वच्छ की काय सांगू. खडूची रेघ मारायची तर एकदाच मारायची, पुसणं नाही, गिरवणं नाही. सासूबाईंनी मशीन घेऊ दिलं ते एका अटीवर. बाहेरचं पहिलं कापड बिघडलं, की मशीन माळ्यावर आणि सूनबाई दुकानात. ही गोष्ट तिनं मला एका दमात सांगितली होती, आणि एवढं सलग ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

सुरुवातीचे तीन महिने सगळं झ्याक चाललं. मग नेटला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणतेय, "आता मुंढ्याला गोलाई द्या," आणि समोर सातही जणी आपापल्या चौकोनात थिजलेल्या. एकीचं तोंड उघडं, एकीचा हात नाकाशी. मी दोन मिनिटं तशीच बोलत राहायची, मग लक्षात यायचं की आपण भिंतीशी बोलतोय. कॉम्प्युटरशेजारच्या डब्यावर हिरव्याच्या जागी लाल दिवा लागलेला असायचा. अर्ध्यापाऊण तासानं तो आपोआप हिरवा व्हायचा. तोवर क्लास संपलेला आणि बायका आपापल्या भाज्या फोडणीला टाकायला गेलेल्या.

आमचे हे नुकतेच सरकारी नोकरीतून रिटायर झाले होते. उभी हयात चौकशा करण्यात गेलेली. घरात चौकशी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे हा लाल दिवा म्हणजे ह्यांना लॉटरीच लागली. दुसऱ्याच दिवशी एक लांबडं रजिस्टर आणलं. पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, लक्षणे, केलेली उपाययोजना, शेरा. उपाययोजनेच्या रकान्यात दर खेपेला एकच मजकूर, "डबा बंद करून पुन्हा चालू केला. वायर काढून, फुंकर मारून, पुन्हा बसवली." शेऱ्याच्या रकान्यात, "सुधारणा झाली." सुधारणा झाली ती अर्ध्या तासानं आपली आपण, पण फुंकर ह्यांची होती ना! त्यामुळे श्रेयही ह्यांचंच.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. रिटायर झाल्यावर ह्यांनी घरातलं एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. पाण्याचं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद दिवस, आणि वेळ त्याच्या सोयीनं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. कॉलनीच्या ग्रुपवर "आलं आलं" असा ओरडा झाला, की हातातलं टाकून मोटार लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिंप, बादल्या, कळश्या, मग चहाची पातेलीसुद्धा. तीस वर्षं ही धावपळ मी केली. आणि हे एक दिवस म्हणतात, "तू क्लास घे, पाण्याचं मी बघतो." मी बहिणीला फोन करून सांगितलं. तिला खरंच वाटेना. "त्यांना बरं नाही का गं?" म्हणाली.

असो. नेटच्या कंपनीला फोन करणं हे खातंही ह्यांच्याकडंच. तिकडं एक गोड आवाजाची बाई. ती आधी नाव विचारणार, मग नंबर, मग जन्मतारीख, मग म्हणणार, "सर, डब्यावर कोणता दिवा आहे?" हे ताठ बसून सांगणार, "तांबडा." "सर, डबा बंद करून चालू करा." "केला." "सर, पुन्हा एकदा करा." हे करणार. "सर, बाहेरच्या लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे, चोवीस तासांत सोडवला जाईल." आणि काय आश्चर्य! अर्ध्या तासात दिवा हिरवा, आणि मोबाइलवर मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमची सेवा कशी वाटली?" हे पाच चांदण्या देणार. मी म्हटलं, "अहो, कुणी आलं नाही, कुणी काही केलं नाही, चांदण्या कशाच्या?" म्हणे, "त्यांनी तिकडून केलं असेल. आता सगळं तिकडूनच होतं."

एकदा मी हट्टानं माणूस बोलावला. औरंगपुऱ्याच्या ऑफिसातून मोटरसायकलवर एक जण आला, खांद्याला वायरचं वेटोळं. तो आला तेव्हा नेट अर्थातच पळत होतं. सरळ वर गेला, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "मावशी, लई भारी स्पीड आहे तुमच्याकडं. इतना तो हमारे ऑफिस में नहीं." मी म्हटलं, "बाबा, ते क्लासच्या वेळेला जातं." तो म्हणाला, "क्लासच्या वेळेलाच?" मी म्हटलं, "दर क्लासला नाय, पण एखाद्या क्लासला नक्की." त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी रजिस्टर पुढं केलं. त्यानं ते पहिल्या पानापासून वाचलं, चहा घेतला, वायरच्या टोकाचा जॅक बदलला आणि जाताना म्हणाला, "काकांनी लई मेहनत घेतलीय." ह्यांची छाती दोन दिवस फुगलेली होती.

मग ह्यांच्या शंका सुरू झाल्या. आधी कबुतरं. गच्चीवरच्या वायरवर बसतात, वजनानं सिग्नल दबतो म्हणे. मग ऊन. मग उंदीर. मग शेजारच्यांचा नवा मिक्सर. शेजारच्या वहिनींना ह्यांनी खरंच विचारलं, की तुम्ही चटणी कोणत्या वारी वाटता. त्या बिचाऱ्या तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझं डोकं असं फिरायचं की विचारू नका.

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं. पिशोरची एक पोरगी बाहीचं कटिंग करत होती. बाहीला कापड दुहेरी घडी घालून समोरासमोर घ्यावं लागतं, तेव्हा एक डावी निघते, एक उजवी. घडीचं सांगायच्या आतच माझा आवाज गेला. पोरीनं दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. आईची जुनी साडी होती, फार बिघडलं नाही, पण तिची हौस मोडली. पुढच्या आठवड्यात मेसेज आला, "मॅडम, तुमचं नेट नीट झालं की कळवा." तिच्यामागं आणखी एक गेली. सातांच्या पाच झाल्या. तीस वर्षांत गिऱ्हाईक माझ्या शिलाईवर रुसलं असेल, वेळेवर रुसलं असेल. माझ्या शिकवण्यावर कुणी रुसलं नव्हतं. आणि इथं माझी चूक तरी काय होती?

मग लासूरची एक दिवस क्लास संपल्यावर थांबली. "मॅडम, एक काम आलंय. बाहेरचं." मी विचारलं काय. म्हणाली, "पैठणीचा ब्लाउज. गल्लीतल्या नवरीचा."

पहिलं काम म्हणून कुणी परकर आणतं, कुणी उशीचा अभ्रा. हिच्याकडं पैठणी! साडीतूनच निघालेलं ब्लाउजपीस, त्या रंगाचं, त्या काठाचं दुसरं मिळायचं नाही. आणि काठ यायला पाहिजे बाहीला. बाह्या आधी काठाकडून काढायच्या, मग उरलेल्यात पाठ आणि पुढचे भाग बसवायचे. उलटं केलं की काठ पाठीत जातो आणि नवरी मांडवात बिनकाठाच्या बाह्या घेऊन उभी. नवरीचं एक वेळ निभावेल. हिचं मशीन माळ्यावर जाईल ते पुन्हा खाली यायचं नाही.

मी म्हटलं, "शनिवारी आपण दोघी बरोबर कापू. मी इथं साध्या कापडावर, तू तिथं पैठणीवर. मी सांगेन तेवढंच कापायचं." "व्हय मॅडम," म्हणाली.

शनिवारसाठी ह्यांनी काय बंदोबस्त केला! शुक्रवारी कंपनीला फोन करून बजावलं, की उद्या आमच्याकडं महत्त्वाचं कार्य आहे. गच्चीवर कबुतरांसाठी जुनी सीडी टांगली. वायरवर ऊन नको म्हणून माझ्याच अस्तराच्या कापडाची चिंधी गुंडाळली. शेजारच्या वहिनींकडं जायला निघाले होते, ते मी दारात अडवलं. सकाळी साडेदहाला शिवणखोलीत येऊन डब्यावर फुंकर मारून गेले. जाताना म्हणाले, "आज तुला कसलीही अडचण येणार नाही, मी खालीच आहे." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. माणूस धडपडतोय आपल्यासाठी, हे कळत होतं.

अकराला क्लास सुरू झाला. बाकीच्या चौघींना काजं करायला बसवलं. लासूरची जमिनीवर बसलेली, पुढं चटई, चटईवर स्वच्छ चादर, चादरीवर ते मोरपंखी ब्लाउजपीस. मापं तपासली. घडी घालून घेतली. बाहीच्या रेघा मारून घेतल्या. खाली गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं असावं. मी लक्ष दिलं नाही, ते खातं माझं नव्हतं. मी म्हटलं, "आता काठ बघ. काठाची खालची कड आणि बाहीची कड एका रेषेत आली का?" तिनं वाकून बघितलं. "आता दोन्ही बाजूंनी शिलाईला जागा ठेव, मग कात्री..."

ती थिजली. कात्री उघडी, हात हवेत, डोकं खाली. डब्यावर लाल दिवा.

मी जे काही ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोबाइल घेतला, रेंजसाठी जिना उतरून फाटकाकडं पळाले, अनवाणी. पहिला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. दुसरा लावला. कापतेय का, कापलं का, शिलाईची जागा सोडली का, एकाच हाताच्या दोन काढल्या तर? मोबाइल कानाला, आणि नजर समोर जिन्याखाली. तिथं मीटरशेजारी एक प्लग आहे. त्यात आमची पाण्याची मोटार लावलेली, घरघरत होती. आणि त्या प्लगमधून काढलेला एक काळा अडॅप्टर शेजारच्या खिळ्याला नीट, अदबीनं टांगलेला होता.

त्या अडॅप्टरची बारीक वायर वर फळीवर जात होती. फळीवर तळहाताएवढा पांढरा डबा. त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. त्यातून निघालेली निळी वायर भिंतीवरून चढत माझ्या खिडकीत शिरत होती. नेट बसवलं त्या दिवशी आम्ही दोघं पिशोरला लग्नाला गेलो होतो, घरी फक्त लेक. बाहेरची लाइन आधी इथं खाली येते आणि मग वर जाते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्ही मान वर करून बघितलं नव्हतं.

मी पाणी भरायचे तेव्हा मोटार स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून लावायचे. ह्यांना ते गचाळ वाटलं असणार.

हे हौदाजवळ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. मी विचारलं, "हा अडॅप्टर कशाचा?"

"तो? जुन्या केबल टीव्हीचा. उगाच प्लग अडवून बसलाय. पाण्याच्या दिवशी काढतो मी."

"आणि मग?"

"मग काय, पाणी झालं की परत लावतो. जिथली वस्तू तिथं." वर म्हणतात, "का गं?"

मी बोट वर केलं. फळीवरचा डबा दाखवला, निळी वायर दाखवली, माझी खिडकी दाखवली. मग तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. कबुतरं काढली, उंदीर काढले, वहिनींची चटणी काढली. दोन पोरी तुमच्यापायी गेल्या म्हटलं, आणि आज तिसरीचं आयुष्य चाललंय. हे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पण मी परत लावत होतो ना." आणि त्यांचा चेहरा उतरला.

मग ह्यांनी मोटारीचा प्लग काढला. हौद अर्धाही भरला नव्हता, टाकीला तर हात लागला नव्हता, आणि आता आठवडाभर पाणी येणार नव्हतं. तरी काढला, आणि अडॅप्टर लावून डब्याकडं बघत उभे राहिले. मी वर पळाले.

दिवा हिरवा व्हायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. एकेक चौकोन उघडला. काजं करणाऱ्या चौघी. मग लासूरची. कात्री बाजूला ठेवलेली होती. मोरपंखी कापडाचे तुकडे झालेले होते.

"कापलंस?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. झालं की." तिनं दोन्ही बाह्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. एक डावी, एक उजवी. काठ खालच्या कडेला, दोन्हीकडं सारखा. शिलाईची जागा मी सांगितली असती त्याहून जराशी जास्तच सोडलेली.

"मी फोन करत होते गं."

"हात गुंतला होता मॅडम, म्हणून नाय उचलला." मग म्हणाली, "तुम्ही अशा मधीच गेल्या की आधी मी नुसती बसून राहायचे. मग म्हटलं, मॅडम काय म्हणाल्या असत्या ते आपणच मनात म्हणायचं आणि कापायचं. घरच्या जुन्या साड्यांवर तसंच केलं इतके दिवस. आज पण तसंच केलं."

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि कशाचा ते कळेना. इतकी वर्षं घरी शिकायला आलेल्या पोरींच्या हातातून मी ऐन वेळी कात्री काढून घेत आलेय. अवघड जागा आली की, "दे इकडं, तुझ्यानं नाय व्हायचं." नेट धड चाललं असतं तर हिच्याही कानाशी मी इंच इंच बोलत राहिले असते आणि ही जन्मभर माझ्या तोंडाकडं बघत कापत राहिली असती.

हे दारात येऊन उभे होते, पायांवरनं पाणी ठिबकतंय. सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाले, "म्हणजे तसं बघितलं तर फायदाच झाला." त्या घटकेला हे वाचले ते केवळ कॅमेरा चालू होता म्हणून.

"मॅडम," लासूरची विचारत होती, "आता पाठ की आधी पुढचे भाग?"

उत्तर जिभेवर होतं. पाठ आधी, घडी काठाच्या उलट्या बाजूला, गळा शेवटी. मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"तूच सांग," म्हटलं. "कुठून काढशील, का काढशील, सगळं सांग. मी ऐकते."

ती खडू घेऊन वाकली आणि बोलायला लागली, सावकाश, एकेक मापासकट. दोन ठिकाणी मी वेगळं केलं असतं. मी मध्ये बोलले नाही.